चर किती खणले आणि मोटर किती तास चालली: संस्था आणि सरकारी कामाचं मोजमाप

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, आमच्या गावात दूध डेअरी आणि अंगणवाडी एकाच बोळात आहेत. सकाळी साडेसहाला डेअरीवर किटल्यांची रांग लागते. दूध मापात ओतलं, नमुना मशीनखाली धरला, की अर्ध्या मिनिटात फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधात असलेल्या घन पदार्थांचे) आकडे दिसतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो, त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. पावती लगेच हातात पडते. एखाद्या दिवशी फॅट कमी लागली तर बाई तिथंच उभी राहते. "काल चार लागली होती, आज तीन कशी? परत लावा." आणि मशीन परत लावलं जातं.

दहा वाजता शेजारची अंगणवाडी भरते. महिन्यातून एकदा मुलांची वजनं घेतात. पोरगं काट्याला लोंबकळत पाय झाडतं, काटा थरथरत राहतो, सेविकाताई तो स्थिर व्हायची वाट बघतात. मग आकडा रजिस्टरात आणि मोबाईलच्या ॲपवर चढतो. सकाळी डेअरीत भांडलेली तीच बाई इथं आपल्या नातवाचं वजन ऐकते, "बरं बाई" म्हणते आणि जाते. परत वजन करा, असं म्हणत नाही. मागच्या महिन्यात किती होतं, हेही विचारत नाही.

तिला नातवापेक्षा दूध प्यारं आहे, असं अजिबात नाही. डेअरीचा आकडा तिच्या खिशात जातो. अंगणवाडीचा आकडा पंचायत समितीत जातो, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबईला आणि दिल्लीला. तिच्याकडे तो परत कधीच येत नाही. गेली बरीच वर्षं मी या भागात छोट्या संस्थांचे अहवाल लिहिते, लिहायला शिकवते. माझ्या कामातली सगळी गुंतागुंत या बोळातच सापडते.

दुकानदाराला आपला धंदा कसा चाललाय हे गिऱ्हाईक सांगतं. माल वाईट निघाला तर ते पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातं, आणि संध्याकाळी गल्ल्यात ते कळतं. सामाजिक संस्थेत किंवा सरकारी योजनेत पैसे देणारा एक असतो आणि सेवा घेणारा दुसराच. पैसे देणारा पुण्या-मुंबईत किंवा मंत्रालयात बसलेला. सेवा घेणारा कुकुडवाडच्या माळावर. घेणाऱ्याला काही पटलं नाही तरी देणाऱ्याला ते आपोआप कळत नाही. म्हणून मुद्दाम मोजावं लागतं, आणि काय मोजायचं हे मुद्दाम ठरवावं लागतं. नफा-तोट्याचा एक आकडा इथं नसतोच.

काम वेगळं, फलित वेगळं

या विषयातले चार शब्द सगळीकडे कानावर पडतात: इनपुट, आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट. प्रशिक्षणात त्यांच्यासाठी बाण-बाण काढलेला तक्ता दाखवतात आणि निम्मी माणसं तिथंच पेंगतात. पाणलोटाचं उदाहरण घेतलं की ते लगेच कळतं.

संस्थेनं पैसे आणले, पोकलेनचं डिझेल भरलं, लोकांनी श्रमदान केलं. हे इनपुट, म्हणजे आपण घातलेलं. त्यातून डोंगरउतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) निघाले, नाला खोल झाला, माती नाला बांध झाला. हे आउटपुट, म्हणजे झालेलं काम. पाऊस पडल्यावर खालच्या विहिरींना पाणी टिकलं, उन्हाळ्यात टँकर लागला नाही, हे आउटकम, म्हणजे फलित. आणि पाणी टिकल्यामुळं घरातली माणसं ऊसतोडीला गेली नाहीत, पोरीची शाळा सुटली नाही, हा इम्पॅक्ट, म्हणजे दूरवर पोचलेला परिणाम.

आपल्याकडचे बहुतेक अहवाल दुसऱ्या पायरीवर थांबतात. इतके मीटर चर, इतक्या बैठका, इतकी झाडं, इतके लाभार्थी. हे आकडे खोटे नसतात. पण ते संस्थेनं काय केलं एवढंच सांगतात, गावात काय बदललं ते सांगत नाहीत. झाड लावलं हे काम झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात ते झाड उभं आहे का, हे फलित. सातारा जिल्ह्यात वृक्षारोपणाचे फोटो मी शेकड्यांनी बघितले असतील. तिसऱ्या उन्हाळ्यात जाऊन मोजलेल्या झाडांची यादी मात्र एका हाताच्या बोटांवर.

मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ते आठवा. एप्रिल २०१६ मध्ये पहिल्या गाडीनं १० वाघिणी नेल्या, एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एका खेपेला ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. तिथं लिटर मोजणं अगदी योग्यच होतं. तहानलेल्या शहरात पाणी पोचलं की काम आणि फलित जवळजवळ एकच. आणीबाणीत दुसऱ्या पायरीचा आकडा पुरतो. शिक्षण, पोषण, भूजल, व्यसनमुक्ती यांत तो पुरत नाही, कारण काम संपल्यावर खरी गोष्ट सुरू होते.

विहिरीला विचारा, पण एकटीला नको

आता पाण्याचंच पुढं नेते, कारण आमच्याकडं सगळं तिथंच येऊन थांबतं.

विहिरीची पातळी मोजायला फार काही लागत नाही. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, कठड्याच्या एका ठरलेल्या खुणेवरून सोडायचं, पाण्याला लागल्यावर आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. खूण रंगानं करून ठेवायची, नाहीतर दर वेळी नवा माणूस नव्या जागेवरून मोजतो आणि फूटभर पाणी कागदावरच वाढतं. सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी मोजायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या ठरलेल्या निरीक्षण विहिरींची अशीच वर्षातून चार वेळा नोंद घेते आणि ती मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघते.

पाच वर्षांची सरासरी का, मागचं एकच वर्ष का नाही? उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: पाऊस. २०१६ साली पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप, म्हणजे जलसंधारणाच्या कामाची गावागावांतली स्पर्धा, झाला तेव्हा राज्यातले तीनच तालुके त्यात होते आणि त्यात आपला कोरेगाव होता. वेळू गावानं पहिला क्रमांक मिळवला. भर उन्हात अख्खं गाव डोंगरावर राबलं होतं, त्या घामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण राज्यात २०१५ चा पावसाळा कोरडा गेला होता आणि २०१६ चा चांगला झाला. मग ऑक्टोबरात एखाद्या गावची विहीर भरलेली दिसली, तर त्यात चरांचं किती आणि वरुणराजाचं किती?

हे वेगळं करायचं असेल तर शेजारी बघावं लागतं. तेवढाच पाऊस, तशीच जमीन, तसाच खडक, पण काम न झालेलं एखादं गाव घ्यायचं. दोन्ही गावांतल्या विहिरी कामाआधी मोजायच्या आणि कामानंतरही. कामाआधीच्या मोजणीला बेसलाइन म्हणतात, आणि आपल्याकडं नेमकी तीच राहून जाते, कारण पैसे मंजूर होतात एप्रिलात आणि पोकलेन येतो मे महिन्यात. मागाहून बेसलाइन करता येत नाही. शेजारच्या गावात पाणी चार फूट वाढलं आणि आपल्या गावात सात, तर वरचे तीन फूट आपल्या कामाचे असण्याची शक्यता मोठी. सातच्या सात फूट अहवालात आपल्या नावावर लावणं बरोबर नाही.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विचाराला शिस्त लावल्याबद्दल. उदयपूर जिल्ह्यात बॅनर्जी, डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडली. काही गावांत लसीकरणाची नियमित शिबिरं भरवली, काहींत शिबिराबरोबर दर लशीला किलोभर डाळ दिली, काहींत काहीच केलं नाही. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के होतं, शिबिरांच्या गावांत १८ आणि डाळीच्या गावांत ३९. ज्या गावांत काही केलं नाही ती गावं मोजली नसती, तर हे ३९ टक्के कशामुळं हे कुणालाच ठामपणे सांगता आलं नसतं. प्रत्येक छोट्या संस्थेनं असा प्रयोग करावा असं मी म्हणत नाही, ते परवडतही नाही. पण शेजारच्या गावातल्या दोन विहिरी मोजायला एक टेप आणि एक सकाळ पुरते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. वर्षाला ५ हजार गावं टंचाईमुक्त करायची आणि २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करायचं, असं उद्दिष्ट होतं. महालेखापरीक्षकांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आला. साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च होऊनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होणं आणि भूजल पातळी वाढणं या दोन्हींवर फारसा परिणाम दिसत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर खूप राजकारण झालं. मला त्यात पडायचं नाही, पण मोजमापाच्या दृष्टीनं इथं एक महत्त्वाची गोष्ट आहे. पाणी अडलं, विहिरीला उतरलं, की शेतकरी ज्वारी काढून ऊस लावतो, डाळिंब लावतो. दोन मोटरींच्या चार होतात. मार्चमध्ये पातळी होती तिथंच किंवा आणखी खाली. आता नुसती पातळी बघून "कामाचा उपयोग झाला नाही" म्हणणं चुकीचं ठरेल, कारण पाणी आलं आणि पिकात गेलं. आणि "पाणी आलं" म्हणून पाठ थोपटणंही चुकीचं, कारण उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतोच. एका आकड्यानं हे दिसत नाही. पातळी, पिकाखालचं क्षेत्र आणि टँकर असे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले तरच दिसतं.

आमच्या जुन्या माणसांचं मोजमाप यापेक्षा चांगलं आहे, असं मला वाटतं. ती विहिरीत किती परस (पुरुषभर उंचीचं जुनं माप) पाणी आहे ते सांगतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोटर किती तास चालते ते सांगतात. "दोन तासांत उपसती, परत भराय सकाळ लागती." या एका वाक्यात साठा आहे, उपसा आहे आणि झराही आहे. एका संस्थेच्या अहवालात मी हा रकाना घालायला लावला तेव्हा वरून विचारणा आली की हा निर्देशक मान्य यादीत नाही. तो रकाना आम्ही ठेवला. यादीतले बाकीचे भरले, ते वेगळं.

आकडाच ध्येय झाला की

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं, ते आता त्याच्या नावानं नियम म्हणून ओळखलं जातं. थोडक्यात असं: एखाद्या आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा ठेवली की माणसं आकडा सुधारतात, आणि मग तो आकडा खरी परिस्थिती सांगेनासा होतो.

पोलीस ठाण्याचं काम गुन्हे कमी झाले यावर जोखलं, तर गुन्हा नोंदवून घ्यायची टाळाटाळ वाढू शकते. शाळेचं काम पटसंख्येवर जोखलं, तर पटावर मुलं राहतात, वर्गात असोत वा नसोत. अंगणवाडीत तीव्र कुपोषित मूल सापडलं म्हणून सेविकेला बोलणी बसत असतील, तर तिच्या रजिस्टरात अशी मुलं सापडायची बंद होतील. तिथं खरं तर उलटं व्हायला हवं. दंडाचा घेर मोजायची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली लालमध्ये येते. लालमधलं मूल वेळेत शोधून काढणारी सेविका उत्तम काम करते आहे, तिच्या गावचा आकडा वाढला तरी.

मला स्वतःला याचा अनुभव एका सरकारी कार्यालयात आला. २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे, ठरलेल्या सेवा ठरलेल्या दिवसांत द्याव्या लागतात, न दिल्यास अपील करता येतं. कायदा चांगला आहे, त्यानं अनेकांचे हेलपाटे वाचले. पण माझा अर्ज मुदत संपायच्या आदल्या दिवशी "त्रुटी" म्हणून परत आला. जी प्रत नाही म्हणून लिहिलं होतं ती मी पहिल्याच दिवशी जोडली होती. पुन्हा अर्ज, पुन्हा दिवस एकपासून सुरू. त्या कार्यालयाच्या महिन्याच्या तक्त्यात माझी दोन्ही प्रकरणं "मुदतीत निकाली" दिसत असणार. त्या दिवशी पायरीवर बसून मी फार चिडले होते. तक्त्यात आणखी एकच रकाना असता, किती अर्ज एकाच फेरीत मंजूर झाले, तर हे लगेच उघडं पडलं असतं.

आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. तासगावच्या अंजनीचा माणूस, गावाला काय लागतं ते त्यांना पक्कं कळत होतं. स्पर्धा लावली आणि गावं अक्षरशः झाडून निघाली. पुढं केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, त्यातही महाराष्ट्र सगळ्यात पुढं. तरी २०११ च्या जनगणनेत राज्याच्या ग्रामीण भागात घरी शौचालय असलेली कुटुंबं ३८ टक्केच होती. स्पर्धेनं उत्साह आणला हे शंभर टक्के खरं. पण परीक्षण समिती येते एका दिवशी आणि माणसं राहतात ३६५ दिवस. आमच्या वस्तीवर एका घरी शौचालयात शेणी रचलेल्या मी बघितल्या आहेत, पावसात भिजू नयेत म्हणून. आजीला विचारलं तर म्हणाली, "पानी डोक्यावरनं आणावं लागतं, त्यात कुठं वतू?" बांधकाम मोजलं होतं, पाणी मोजलं नव्हतं.

कधी कधी मोजायची वस्तूच चुकीची निवडलेली असते. म्हसवडला बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या चेतना सिन्हा यांनी रिझर्व्ह बँकेकडे केलेला पहिला अर्ज नाकारला गेला. कारण प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, कागदावर अंगठे होते. त्या बायका अक्षर शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी सोडवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. सही येते का हे मोजायला सोपं होतं. बँक चालवायला लागतो तो हिशेब, आणि तो त्यांना येत होता.

शाळेचंही तसंच. मुलं शाळेत आहेत का, हे आपण वर्षानुवर्षं मोजत आलो. २००५ पासून 'असर' सर्वेक्षणात कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलाच्या हातात एक उतारा देऊ लागले आणि वाचायला सांगू लागले. तेव्हा दिसलं की देशाच्या ग्रामीण भागात जवळजवळ सगळी मुलं शाळेत आहेत, पण पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. साधा कागद, साधा प्रश्न, पण सगळी चर्चा तिथून बदलली. आपल्या जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायच्या, पद्धतीनं काम केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्यामागं इथल्या अनुभवाचा मोठा वाटा होता. तिथं गेलेला माणूस पट विचारत नसे. फरशीवर खडूनं शब्द लिहीत बसलेल्या पोरापुढं स्वतःच उकिडवा बसे.

छोट्या संस्थेनं काय करावं

कंपन्यांचा सीएसआर निधी (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामासाठी द्यायचा पैसा) आल्यापासून "इम्पॅक्ट दाखवा" ही मागणी वाढली आहे. कायद्यानं स्वतंत्र परिणाम-मूल्यांकन सक्तीचं आहे ते मोठ्यांना: ज्या कंपनीची सीएसआरची जबाबदारी तीन वर्षांच्या सरासरीनं १० कोटी किंवा जास्त आहे, आणि तेही १ कोटी किंवा त्याहून मोठ्या, पूर्ण होऊन वर्ष झालेल्या प्रकल्पांसाठी. दहिवडीतल्या चार माणसांच्या संस्थेकडून चाळीस निर्देशकांचा तक्ता मागणं हा देणगीदाराचा हट्ट आहे, कायदा तसं सांगत नाही. तक्ता भरण्यात कार्यकर्तीचे महिन्याचे सहा दिवस गेले तर ते सहा दिवस वस्तीवरून गेले. आणि मोजणीवरचा पगार "प्रशासकीय खर्च" म्हणून कापायचा, वर पुरावेही मागायचे, हे मला अन्यायाचं वाटतं. देणगीदारांना मी हे तोंडावर सांगते.

दोन-तीन आकडे पुष्कळ झाले, पण ते दर वर्षी त्याच पद्धतीनं, त्याच महिन्यात घेतलेले हवेत. आकडा निवडताना स्वतःला विचारायचं: हा वाढला किंवा घटला तर उद्या आपण काय वेगळं करू? काहीच नाही, असं उत्तर आलं तर तो रकाना खोडायचा. सांगलीच्या आयर्विन पुलाकडं बघा. कृष्णेची पातळी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ३८ झाली की नदीकाठच्या गल्लीतली माणसं टीव्ही आणि गहू माळ्यावर चढवायला लागतात. त्या आकड्याचा अर्थ समजावायला कुणी अधिकारी लागत नाही. पूर आला की अख्खी सांगली तासातासाला तो विचारते, कारण त्यावर घर सोडायचं की नाही ते ठरतं.

आमच्या गावात आता ऑक्टोबर संपताना पाण्याचा ताळेबंद मांडतो. पाऊस किती पडला, विहिरींत किती आहे, माणसांना आणि जनावरांना जूनपर्यंत किती लागेल, उरलेल्यात कोणतं पीक बसेल. पहिल्या वर्षी सभेला नऊ माणसं होती आणि मी फळ्यावर घनमीटर लिहिले, कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी घनमीटर पुसले आणि पाच विहिरींची नावं लिहून त्यापुढं मोटरीचे तास लिहिले. मागच्या ऑक्टोबरचे एका रंगानं, यंदाचे दुसऱ्या रंगानं. मागून एक तात्या उठले, चष्मा पुसला, फळ्याजवळ आले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी हीर. साडेतीन न्हाई, तीनच तास चालती. नीट लिवा." मी खोडून तीन लिहिलं. मग ते तिथंच उभे राहून मागं वळले आणि पुतण्याला विचारलं, "आन् मग तू वरच्या तुकड्यात ऊस कशाच्या जीवावर लावतोयस?"